पाद्र्याची परीक्षा आणि आपली

एम. ए. मराठीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न वर्षाआड तरी हजेरी लावतो : मराठी भाषा-वाङ्मयाच्या जडणघडणीतील ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याचा परामर्श घ्या. हा प्रश्न आम्ही विद्यार्थी असताना सोडवला, अध्यापक झाल्यावर स्वतः काढला, आणि त्याच्या उत्तरांचे गठ्ठे उन्हाळ्याच्या सुट्टीत तपासले. उत्तर ठरलेले असते. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’, केरीचे व्याकरण, मोल्सवर्थचा कोश, ‘ज्ञानोदय’, बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’. प्रत्येकापुढे एक सन. आणि शेवटी ते सुप्रसिद्ध वाक्य – हेतू धर्मप्रसाराचा असला तरी त्यामुळे मराठीची मोलाची सेवा घडली. या ‘असला तरी’मध्ये सगळ्यांचेच समाधान होते. हेतूवर बोट ठेवल्याने स्वाभिमान राखला जातो, सेवा मान्य केल्याने उदारपणा पदरी पडतो, आणि दहापैकी सहा गुण कुठेच जात नाहीत.

आमचे भांडण या ‘असला तरी’शी आहे. आम्ही दोघे मराठीचे अध्यापक. एक अमरावतीत शिकवतो, दुसरा अकोल्यात. दोघांनीही चाळिशी ओलांडली आहे. हे सांगण्याचे कारण एवढेच की या लेखात ज्यांच्यावर आरोप आहेत त्यांच्या यादीत पहिली दोन नावे आमची आहेत.

त्या ठरलेल्या उत्तरात पुस्तके असतात, सन असतात, माणूस नसतो. पंचविशीतला एक तरुण परक्या गावी बोटीतून उतरतो, रोज सकाळी एका पंडितासमोर बसून ‘ळ’ म्हणायला शिकतो, दुपारी बाजारात जाऊन चुकतो, लोक हसतात, दुसऱ्या दिवशी पुन्हा पंडितासमोर बसतो – हे दृश्य आमच्या इतिहासात कुठेही नाही. गॉर्डन हॉल फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरला तेव्हा त्याचे वय अठ्ठावीस होते. मोल्सवर्थचा कोश निघायला तेव्हा अठरा वर्षे अवकाश होता. त्याच्या हाताशी फार तर केरीचे १८०५ चे व्याकरण आणि १८१० चा कोश. आणि तेही बंगालात बसून रचलेले. केरीने महाराष्ट्र पाहिलाच नव्हता. वैजनाथ शर्मा या पंडिताच्या तोंडून जेवढी मराठी कानी आली तेवढीच त्याची मराठी. हॉलला मात्र मुंबईच्या रस्त्यावर उभे राहून बोलायचे होते. त्याने तेरा वर्षे तेच केले आणि १८२६ मध्ये नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीने तो वारला.

पुढे मिशने स्थिरावली तशी या शिकण्याला शिस्त आली. अनेक मिशनांमध्ये नव्या माणसाची पहिली एक-दोन वर्षे मुख्यतः भाषेसाठी राखलेली असत. पंडित नेमला जाई, वर्षाअखेर परीक्षा होई, आणि ती उत्तीर्ण झाल्याखेरीज स्वतंत्र कामाची जबाबदारी सहसा मिळत नसे. आधी भाषा, मग अधिकार, असा हा क्रम होता. हा क्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा. शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

ही प्रथा केवळ इतिहासजमा झालेली नाही. अमेरिकेत युटा राज्यातील प्रोव्हो या गावी मॉर्मन पंथाचे प्रशिक्षणकेंद्र आहे. १९६१ साली तेथे भाषेचे वर्ग सुरू झाले ते स्पॅनिशपासून. २०१२ मध्ये मिशनवर जाण्याचे किमान वय मुलांसाठी अठरा आणि मुलींसाठी एकोणीस ठरवले गेले होते; मुलांची सेवा दोन वर्षांची, मुलींची दीड वर्षाची. स्पॅनिश शिकणाऱ्याला साधारण सहा आठवडे मिळतात, आणि एवढ्या शिदोरीवर त्याला परक्याच्या दारात उभे केले जाते. सहा आठवड्यांत जी येते ती भाषा मोडकीच असणार. तो पोर पाठ केलेले बोलतो. समोरच्या म्हातारीने मध्येच काही विचारले की त्याची गाडी अडते. पण आमच्या मते त्याचे खरे शिक्षण तिथेच सुरू होते, कारण त्या क्षणापासून दुरुस्त करणारी ती असते आणि दुरुस्त होणारा तो.

हेतुवाद्यांचा आक्षेप आम्हांला ठाऊक आहे. ते म्हणतील, म्हातारीला बाटवायलाच तर तो आला आहे! खरे आहे. मिशनऱ्यांनी आपला हेतू कधी लपवला नाही; आपणच तो गौप्यस्फोटासारखा सांगत असतो. त्यांच्या पत्रकांत हिंदू देवदेवतांची जी हेटाळणी आहे ती आज वाचवत नाही, आणि तिचे समर्थन करण्याची आमची इच्छाही नाही. परंतु हेतू सांगून झाल्यावर चर्चा संपते असे मानणे हा वाङ्मयाच्या अध्यापकाला न शोभणारा आळस आहे. हेतू बोलणाऱ्याचा असतो. भाषा दोघांची असते. जो माझी भाषा शिकून माझ्याशी वाद घालायला येतो तो नकळत मला एक हक्क देऊन बसतो : उत्तर देण्याचा हक्क.

१८५७ च्या पहिल्या सहामाहीत मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि पाद्री यांचे जे जाहीर वाद झाले ते आठवावेत. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. त्या वादात कोण जिंकले हा प्रश्न आम्हांला गौण वाटतो. बुवा मराठीत प्रश्न विचारत होते आणि पाद्र्यांना तो मराठीत समजून घेऊन मराठीत उत्तर द्यावे लागत होते, हे महत्त्वाचे. वाळूवर उभ्या असलेल्या श्रोत्यांना दोन्ही बाजू कळत होत्या. पाद्री इंग्रजीतच बोलते आणि श्रोत्यांनी इंग्रजी शिकून यावे असे म्हणते, तर तो वाद झालाच नसता. फक्त प्रवचन झाले असते.

उलट उदाहरणही आपल्या शेजारीच आहे. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. त्याचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, १६४० मध्ये, रायतूरला. मराठी दिनाच्या कार्यक्रमात त्याच्या मराठीस्तुतीच्या ओव्या म्हणण्याचा प्रघात आहे, आणि त्या आम्हीही विद्यार्थ्यांकडून म्हणवून घेतल्या आहेत. पण त्या कार्यक्रमात पुढचा सन कोणी सांगत नाही. १६८४ मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने फर्मान काढले : स्थानिकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. व्याकरण छापल्यापासून अवघ्या चव्वेचाळीस वर्षांत! धर्म तोच, गोवा तेच, हेतूही तोच. बदलले एवढेच की आता शिकण्याची पाळी दुसऱ्याची होती. हेतू हीच जर कसोटी असेल तर १६१६ आणि १६८४ यांत फरक करता येत नाही. आमची कसोटी वेगळी आहे : शिकायचे कोणी? या एका प्रश्नाने स्टीफन्स एका बाजूला जातो आणि ते फर्मान दुसऱ्या बाजूला.

हाच प्रश्न घेऊन आता घरी, वऱ्हाडात येऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स या अमेरिकन संस्थेने वऱ्हाडात काम सुरू केले; अकोला हे त्यांचे महत्त्वाचे ठाणे होते. तेथील मार्कस फुलर यांच्या पत्नी जेनी फुलर यांनी भारतीय स्त्रियांच्या दुःस्थितीवर इंग्रजीत लिहिलेले पुस्तक १९०० साली प्रसिद्ध झाले, आणि त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना आहे. त्यातली मते वादग्रस्त असतील. पण वऱ्हाडातल्या वास्तव्यातून लिहिलेले हे पुस्तक अकोल्यात मराठी शिकवणाऱ्या आमच्यापैकी एकाने वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत पाहिलेही नव्हते.

दुसरे उदाहरण अधिक बोचणारे आहे. अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेस मेळघाट. धारणी आणि चिखलदरा हे तालुके. तेथील कोरकू लोकांची भाषा मराठीची बोली नाही, हिंदीचीही नाही. ती मुंडा कुळातली, त्या कुळाची सर्वांत पश्चिमेकडची भाषा. संथाळी आणि मुंडारी या तिच्या बहिणी, म्हणजे तिचे माहेर शेकडो मैल पूर्वेला. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश मिळून ती बोलणारे सात लाखांहून अधिक लोक आहेत. तिचे व्याकरण रेव्हरंड जॉन ड्रेक या मिशनऱ्याने लिहिले आणि ते १९०३ मध्ये कलकत्त्याच्या बाप्टिस्ट मिशन प्रेसने छापले. ग्रीअर्सनच्या भाषापाहणीचा मुंडा-द्राविडी खंड त्यानंतर तीन वर्षांनी, १९०६ मध्ये आला. पुढे शिकागोच्या नॉर्मन झाइड यांनी कोरकूवर काम केले, के. एस. नागराज यांचे व्याकरण १९९९ मध्ये निघाले, तेही टोकियोहून. कलकत्ता, शिकागो, टोकियो! अमरावतीहून परतवाड्यास एस.टी. दीड-दोन तासांत पोहोचते, पुढे घाट लागतो. या रस्त्याने आमचे विभाग सहली घेऊन जातात. भाषा शिकायला आमच्या विभागांतून कोणी गेलेले आम्हांला आठवत नाही.

येथे व्याकरणाचा एक मुद्दा सांगणे भाग आहे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असा भेद आहे. ‘आम्ही जातो’ म्हटले की ऐकणारा मागे राहतो. ‘आपण जाऊ’ म्हटले की तोही बरोबर निघतो. इंग्रजीत हा भेद नाही, स्पॅनिशमध्ये नाही, हिंदीतही नाही. त्यामुळे मराठी शिकणारा परदेशी माणूस येथे हमखास अडखळतो. पाद्र्याची तर फारच पंचाईत. प्रार्थनेत देवाला उद्देशून बोलताना ‘आम्ही पापी’ म्हटले पाहिजे. तिथे ‘आपण पापी’ म्हटले तर देवही पाप्यांत जमा होतो. उलट लोकांपुढे बोलताना ‘आम्ही पापी’ म्हटले तर ऐकणारे सुटतात, ‘आपण पापी’ म्हटले तर तेही आले. व्याकरणाच्या एका नियमावर सगळा उपदेश उभा असतो, आणि तो नियम पंडिताकडून किंवा हसणाऱ्या श्रोत्याकडूनच शिकावा लागतो.

कोरकू याही पुढे गेली आहे. तिच्यात द्विवचन आहे, आणि ‘आम्ही’-‘आपण’ हा भेद द्विवचनात वेगळा, अनेकवचनात वेगळा. म्हणजे हा लेख कोरकूत लिहायचा झाल्यास ‘आम्ही दोघे लेखक, वाचक सोडून’ यासाठी एक सर्वनाम हाताशी आहे, आणि ‘आपण सगळे, वाचक धरून’ यासाठी दुसरे. ही गोष्ट आम्ही पुस्तकात वाचली. ती जिच्याकडून ऐकायला हवी होती ती मुलगी आमच्या वर्गात दोन वर्षे बसली होती.

ही विद्यार्थिनी धारणी तालुक्यातली, कोरकू मातृभाषेची. एम. ए. मराठीच्या दोन वर्षांत ती वर्गात फारशी बोलली नाही. आम्ही तिला अबोल म्हणत असू. सर्वनामांचा पाठ आम्ही तिच्यासमोर शिकवला. ‘आपण’ हे मराठीचे वैशिष्ट्य म्हणून फळ्यावर लिहिले. तिने वहीत उतरवून घेतले. निकालानंतर ती पेढे घेऊन आली तेव्हा सहज विषय निघाला आणि तिने हसत सांगितले, ‘‘सर, आमच्यात तर याचे चार शब्द आहेत.’’ आम्ही विचारले, ‘‘मग वर्गात का नाही सांगितलेस?’’ ती म्हणाली, ‘‘तुम्ही विचारलेच नाही ना, सर.’’

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते अधिक लागले. दोन वर्षे ती आमची भाषा शिकत होती, आणि आम्ही तिच्या भाषेतला एक शब्दही शिकलो नव्हतो. त्या वर्गात १६८४ चे फर्मान कोणी वाचून दाखवले नव्हते. त्याची गरजच नव्हती.

आता आक्षेपांकडे वळू. आमचे सहकारी म्हणतात, मिशनऱ्यांना पैसा होता, सवड होती, पाठीशी गोरे राज्य होते. राज्य पाठीशी होते ही गोष्ट खरी, आणि तिचा विसर पडू नये. पण राज्य पाठीशी असतानाही ज्याने शिकणे पत्करले त्याच्याशी आपली तुलना आपल्याला अधिकच अडचणीत टाकते. राज्य आज आपले आहे. घटनेचे ३५०-अ हे कलम १९५६ पासून आहे. प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय राज्यांनी करावी असे ते सांगते. शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा शक्य तेथवर मातृभाषेचे माध्यम सांगतो. कागद सगळे आपल्या बाजूने आहेत.

दुसरा आक्षेप असा की कोरकूत वाङ्मय कुठे आहे? हा आक्षेप मराठीच्या अध्यापकाने, आणि तोही अमरावती जिल्ह्यात, घ्यावा याचे आम्हांला नवल वाटते. याच जिल्ह्यातल्या रिद्धपुरात आपल्या गद्याचा उगम आपण सांगतो. चक्रधरस्वामी मूळचे गुजरातेतले, भडोचचे, असे महानुभाव परंपरा सांगते. म्हणजे मराठीच्या पहिल्या मोठ्या गद्यग्रंथाच्या केंद्रस्थानी असलेला पुरुष हा मराठी शिकलेला माणूस होता. तो लोकांत फिरला, त्यांच्या भाषेत बोलला. ते बोलणे म्हाइंभटांनी गोळा केले आणि ‘लीळाचरित्र’ झाले. पुढे पंथातल्या विद्वानांचा कल संस्कृतकडे जाऊ लागला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. संस्कृतात लिहिले तर साध्या म्हाताऱ्या बायांनी काय करायचे, ही त्यांची चिंता होती. तेव्हाच्या पंडितांनीही मराठीला विचारले असेलच, तुझ्यात वाङ्मय कुठे आहे? तिथे कोणी तरी आधी ऐकायला बसले, मग वाङ्मय दिसले. आज रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभे राहत आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. या दोन्हींचा आम्हांला आनंद आहे. पण रिद्धपूरच्या नावाचा वारसा सांगायचा असेल तर तो शिकणाऱ्याचा वारसा आहे, दर्जा मिरवणाऱ्याचा नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वांत प्रामाणिक आहे, आणि तो कोरकू पालकही घेतात : आमच्या मुलांना मराठी हवी, इंग्रजी हवी, कोरकू त्यांना येतेच. अगदी बरोबर. मुलांना कोरकू शिकवा असे आम्ही म्हणतच नाही. शिक्षकांना शिकवा असे म्हणतो. पहिलीतल्या मुलाला मराठी यावी म्हणूनच त्याच्या गुरुजींना कोरकू यायला हवी. मूल काय म्हणते हे ज्याला कळत नाही तो त्याची चूक दुरुस्त करू शकत नाही; तो फक्त ती मोजू शकतो. आपल्या हिमतीवर कोरकू शिकलेले शिक्षक मेळघाटात आहेत, आणि त्यांच्यापुढे आम्ही नतमस्तक आहोत. पण ती त्यांची वैयक्तिक पुण्याई. व्यवस्थेने ती त्यांच्याकडून मागितली नव्हती, आणि आम्ही मराठीच्या विभागांनी त्यांना ती देऊ केली नव्हती.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. अमरावती विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मराठी विभागांनी एम. ए.ला कोरकूची एक अभ्यासपत्रिका ठेवावी. ती शिकवायला आमच्यासारखे पुस्तकपंडित नकोत. धारणी-चिखलदऱ्याची कोरकू बोलणारी माणसे बोलवावीत आणि त्यांना पंडिताचा मान व मानधन द्यावे. पाद्र्यांच्या पंडितांची नावे आपण विसरलो, निदान यांची लिहून ठेवावीत. परीक्षा तोंडी असावी, आणि ती कोरकू माणसानेच घ्यावी. पहिल्या तुकडीत विद्यार्थ्यांबरोबर विभागातले अध्यापकही बसावेत. आणि मेळघाटात रुजू होणाऱ्या शिक्षकासाठी जुन्या मिशनांचा तो क्रम ठेवावा : आधी भाषा, मग अधिकार.

अकोल्यात शिकवणाऱ्याला मेळघाट दूर वाटेल. त्याने आपल्या वर्गातली वऱ्हाडी तपासावी. विद्यार्थ्याने वऱ्हाडीत उत्तर दिले की आपण ते ‘शुद्ध’ करून घेतो. गाडगेबाबांवर निबंध मागतो, आणि ज्या बोलीत बाबा हजारोंना प्रश्न विचारत, त्यांच्याकडून उत्तरे वदवून घेत, तिला लाल शाईने खोडतो. बाबांचे कीर्तन सवाल-जबाबाचे होते, कारण उत्तर देण्याचा हक्क श्रोत्याला आहे हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते.

आमच्यापैकी एकाने त्या विद्यार्थिनीकडे शिकायला सुरुवात केली आहे. ती आता धारणीकडे शिकवते आणि रविवारी फोनवर अर्धा तास देते. परवा आम्ही पाठ केलेले वाक्य म्हणून दाखवले. ती हसली, म्हणाली, ‘‘सर, तुम्ही मला सोडून चाललात. मलापण घ्यायचे असेल तर दुसरा शब्द आहे.’’ तो दुसरा शब्द आम्ही वहीत लिहून घेतला आहे.